विषय: आई-बाबांच्या गाडीचे टायर: ऑनलाइन की ठाण्यातल्या दुकानातून?

नमस्कार मंडळी,

ज्यांच्या घरची गाडी ठाण्यात किंवा नवी मुंबईत आहे त्यांना विचारते आहे. आई-बाबा पाचपाखाडीला असतात. 2018 ची बलेनो, जेमतेम 27,000 किलोमीटर चाललेली. सर्व्हिसिंगवाल्याने या वेळी पावसाळ्याआधी चारही टायर बदला म्हणून सांगितलं. बाबा म्हणतात, नक्षी अजून छान आहे, तो उगाच खर्चात पाडतोय. मी इथून बघितलं तर त्याच कंपनीचे चार टायर दुकानापेक्षा ऑनलाइन 1,700 रुपयांनी स्वस्त दिसताहेत. इथे अमेरिकेत आपण टायर रॅक या साइटवर मागवतो, ते परस्पर गॅरेजला जातात, आपण फक्त गाडी घेऊन जायचं. तिथेही तसंच होतं का? मी इथूनच पैसे भरले तर बाबांची धावपळ वाचेल असं वाटतंय.

(एडिसन, न्यू जर्सी)

---

तुझा मेल वाचला आणि लगेच लिहायला बसलो. मी न्यू जर्सीत असताना वडिलांसाठी नेमकं हेच केलं होतं. आता परत येऊन कासारवडवलीला राहतो, तेव्हा दोन्हीकडचं माहीत आहे.

आधी तुझ्या बाबांचं. सर्व्हिसिंगवाला खरं बोलत असेल. आपल्या आई-बाबांच्या गाड्या वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर चालतात, बाकी दिवस सोसायटीच्या उन्हात उभ्या. नक्षी झिजत नाही, पण रबर कडक होत जातं आणि ओल्या रस्त्यावरची पकड जाते. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात: 2325 म्हणजे 2025 सालातला 23 वा आठवडा. बाहेरच्या बाजूला दिसले नाहीत तर आतल्या बाजूला असतात, बाबांना वाकायला लावू नकोस, वॉचमनला फोटो काढायला सांग. मिशेलिनचा सल्ला असा की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावेत आणि दहा वर्षांनी, दिसायला चांगले असले तरी, काढून टाकावेत. नक्षीच्या खोलीची कायद्याने किमान मर्यादा 1.6 मिलिमीटर आहे. खाचांमध्ये तेवढ्या उंचीचे छोटे उंचवटे दिलेले असतात. पण घोडबंदर रोडला जुलैत पाणी साचतं तेव्हा 1.6 वर गाडी चालवणं मला मान्य नाही. 3 च्या खाली गेले की मी बदलतो.

आता माझी हकीकत. मी ऑनलाइन विक्रेत्याकडून चार टायर मागवले. ते भर पावसात सोसायटीच्या गेटवर आले, वडील तेव्हा 73 वर्षांचे. त्यांनी दोन फेऱ्यांत रिक्षाने ते टायर बसवणाऱ्याकडे नेले. बसवण्याचे, बॅलन्सिंगचे, अलाइनमेंटचे आणि नव्या व्हॉल्वचे पैसे वेगळे, त्यात स्वस्ताई संपली. चारातले दोन टायर बाकीच्या दोघांपेक्षा चौदा महिने जुने निघाले. मला ते महिन्याभराने कळलं, आणि बसवलेला टायर परत घेत नाही असं उत्तर आलं.

खरा घोर पुढे लागला. गायमुखच्या घाटात गाडी खड्ड्यात आपटली आणि डाव्या टायरला बाजूने फुगा आला. बसवणारा म्हणाला, माल माझा नाही, जिथून घेतला तिथे विचारा. विक्रेत्याने फोटो मागवले, मग आणखी फोटो मागवले. खड्ड्याने आलेला फुगा बहुतेक कंपन्यांच्या साध्या वॉरंटीत बसतच नाही, त्यामुळे दुकानातून घेतला असता तरी पैसे मिळाले असते असं मी म्हणणार नाही. पण ओळखीच्या दुकानदाराने टायर बघून त्याच दिवशी सांगितलं असतं, काका, गाडी इथेच ठेवा. बाजूच्या भिंतीचे धागे तुटलेले असतात, तो टायर कधीही फुटू शकतो. माझे वडील आठ दिवस त्या फुग्यावर आईला घेऊन गाडी चालवत होते, आणि मी तिकडे बसून मेलच्या उत्तराची वाट बघत होतो.

म्हणून माझं मत: टायर ठाण्यातूनच घे, आणि ऑनलाइन भाव घासाघीस करायला वापर. नौपाडा, वागळे इस्टेट, माजिवडा, तिन्हीकडे फोन कर. साइज गाडीच्या टायरवरून वाच, मॉडेलच्या नावावरून नको. बलेनोला व्हेरिअंटप्रमाणे 185/65 आर15 किंवा 195/55 आर16 येतात. साइटवर नुसतं बलेनो निवडलंस तर दोन्ही समोर येतील. साइजपुढचा 88एच सारखा आकडाही सांग: 88 म्हणजे एका टायरवर 560 किलोपर्यंत भार, एच म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंत. आहे त्यापेक्षा कमी घेऊ नकोस. मग विचार, "बसवून, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, व्हॉल्व, जुन्या टायरचे वजा करून, पक्क्या बिलासकट किती?" बिलावर गाडीचा नंबर आणि टायरचे सिरियल नंबर लिहून घ्यायला सांग. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झालाय, तेव्हा कोणी जुना भाव सांगत असेल तर तिथेच थांबव.

(कासारवडवली, ठाणे)

---

काकांचा अनुभव वाचून वाईट वाटलं, पण मला थोडं वेगळं सांगायचंय. ऑनलाइन म्हणजे सगळं एकच नसतं. मी मागच्या वर्षी टायर कंपनीच्या स्वतःच्या साइटवर बुकिंग केलं, सानपाड्याचा अधिकृत डीलर निवडला, शनिवारची वेळ घेतली. टायर आधीच दुकानात होते. बसवण्याआधी मी चारही तारखा बघितल्या, पाच-सहा आठवड्यांपूर्वीचे होते. बिल डीलरचंच. भाव दुकानापेक्षा दोन-तीनशेने कमी, म्हणजे फार नाही, पण नेरूळहून चार दुकानं हिंडायची वेळ वाचली. पार्सलने घरी येणारे टायर मात्र मीही घेणार नाही.

(नेरूळ)

---

नेरूळच्या ताईंचं बरोबर आहे, डीलरकडे बसवून देणारं बुकिंग मी धरलंच नव्हतं. तारीख बघणारं माणूस दुकानात उभं असलं की माझी हरकत नाही.

एक राहिलं होतं. पैशाकडे बघून बाबांनी दोनच टायर घ्यायचे ठरवले, तर नवे मागे बसवायला सांग. आपल्याकडे हटकून पुढे बसवतात. पुढची चाकं घसरली तर अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी बहुतेक वेळा सावरता येते; मागची घसरली की गाडी गर्रकन फिरते, आणि सत्तरीतल्या माणसाला ती सावरणं कठीण. पण आठ वर्षांच्या गाडीला मी चारही घेईन.

(कासारवडवली)

---

काका, ताई, मनापासून आभार. वॉचमनने फोटो पाठवले. चारही टायरवर 0918 आहे. बाबांना फोनवर आकडे वाचून दाखवले तर ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, स्टेपनी बघायला हवी. तीही 0918, एकदाही न लावलेली, अगदी कोरी दिसते. तेव्हा आता पाच टायर.

नौपाड्यातल्या बाबांच्या नेहमीच्या दुकानदाराला ऑनलाइन भाव सांगितला. त्याने सगळं धरून पार्सलवाल्यापेक्षा चारामागे 350 रुपये जास्त सांगितले, आणि तारखा बसवण्याआधी बाबांना दाखवेन म्हणाला. शनिवारी सकाळी दहाला बाबा जाताहेत. इथे रात्रीचे साडेबारा असतील, मी व्हिडिओ कॉलवर जागी असेन.

(एडिसन)