कॉम्प्युटरच्या केससाठी (डब्यासाठी) तीन पंखे घेतलेत, कुठे नि कोणत्या तोंडाने लावू? (देवगड, खारी हवा)

खाडीकाठ
घर समुद्रापासून दोनशे मीटरवर, खोलीला एसी नाही, दुपारी आत ३२ अंश. सीपीयू (मुख्य प्रोसेसर) रायझन ५ ५६०० (सोबत आलेलाच कूलर), जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) आरटीएक्स ३०६०, मिड टॉवर म्हणजे मध्यम उंचीची केस. पुढे काच, तिच्या कडेला बोटभर फट. मागे एक १२० मिमी पंखा आधीपासून आहे, तो हवा बाहेर टाकतो. तासभर रेंडर (व्हिडिओ-चित्रं तयार करायचं जड काम) लावला की सीपीयू ८८ अंश, जीपीयू ८२.

आता १२० मिमीचे तीन घेतलेत. पुढे ३ जागा आहेत, वर २. दुकानदार म्हणतो, गरम हवा वर जाते, तेव्हा दोन वर नि एक पुढे. बरोबर आहे का? आणि पावसाळ्यात जास्त हवा आत ओढली तर गंज वाढेल का?

जांभाचिरा
तिन्ही पुढे, आत घेणारे. मागचा आहे तसाच. वरच्या जागा बंद ठेवा.

गरम हवा वर जाते हे खरं, पण मोकळी सोडली तर. पंखा मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असला तरी त्याच्यापुढे ही ओढ नगण्य. हवा पंखा ढकलेल तिकडेच जाते. दुकानदाराच्या मांडणीत तीन बाहेर आणि एक आत. मग उरलेली हवा येणार कुठून? मागच्या स्लॉटच्या (कार्ड बसवायच्या खाचांच्या) फटी, यूएसबीच्या कडा, जिथे भोक दिसेल तिथून, न गाळता. तांबडी धूळ अशीच आत शिरते. आत घेणारे जास्त असले की फटींतून हवा बाहेर जाते आणि आत येणारी फिल्टरमधून येते.

वरच्या दोन जागांपैकी पुढची तर सगळ्यात वाईट. पुढून आलेली गार हवा सीपीयूच्या कूलरपर्यंत पोचण्याआधीच तो पंखा उचलून बाहेर फेकतो.

तोंड ओळखायचं तर: ज्या बाजूला आडव्या दांड्या आणि मधे स्टिकर, तिकडून हवा बाहेर पडते. काही पंख्यांच्या चौकटीवर बाणही असतो.

पण स्क्रू पिळायच्या आधी बाजूचं पॅनल काढून तोच रेंडर तोच वेळ चालवा. ८-१० अंश उतरले तर दोष हवेच्या वाटेचा. २-३ च उतरले तर पंख्यांनी फार काही होणार नाही. कूलर लहान पडतोय किंवा सीपीयू नि कूलरमधली पेस्ट सुकलीय. मग बाजू लावून फक्त पुढची काच काढा आणि पुन्हा मोजा. मला संशय त्या काचेचाच आहे.

पोफळीची_बाग
जोडणीत लोक जास्त चुकतात, म्हणून तेवढंच सांगतो.

चार पिनचा पंखा असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) तो हेडर (पंख्याची वायर लावायची पिनांची जागा) पीडब्ल्यूएमवर ठेवा, म्हणजे वेग चौथ्या पिनच्या सिग्नलने बदलतो; तीन पिनचा असेल तर डीसीवर, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करून. तीन पिनचा पंखा पीडब्ल्यूएमवर राहिला की सतत पूर्ण वेगाने ओरडतो, आणि लोक पंख्याला शिव्या घालतात.

बहुतेक मदरबोर्डांवर एका हेडरची मर्यादा १ अँपिअर. साधा १२० मिमी पंखा ०.१५ ते ०.२५ घेतो, म्हणजे तीन स्प्लिटरवर (एका हेडरला अनेक पंखे जोडणाऱ्या वायरवर) चालतात. तरी स्टिकरवरचा आकडा बघून बेरीज करा. स्प्लिटरवर फेऱ्यांचा आकडा एकाच पंख्याचा दिसतो, बाकीचे बंद पडले तरी कळत नाही. अधूनमधून डोळ्यांनी बघा.

लाइटवाले असतील तर सांभाळा. दिव्यांची तीन पिनची एआरजीबी वायर (प्रत्येक दिवा वेगळ्या रंगाचा) ५ व्होल्टची, चार पिनची आरजीबी (सगळे एकाच रंगाचे) १२ व्होल्टची. ५ ची जबरदस्तीने १२ मध्ये घातली की दिवे जळालेच.

वेग: ५० अंशांपर्यंत ४० टक्के, ७० ला ६५, ८० च्या पुढे १००. वेग बदलायला ३-४ सेकंदांचा विलंब द्या, नाहीतर प्रत्येक क्लिकला घूं-घूं.

खारा_वारा
दमटपणाबद्दल एक गैरसमज आधी काढतो. दमट हवेत आपल्याला उकडतं कारण घाम सुकत नाही. हीटसिंकला (कूलरच्या धातूच्या पट्ट्यांना) घाम येत नाही, त्याला फक्त हवेचं तापमान कळतं. ३२ अंशांची दमट हवा नि ३२ ची कोरडी, कूलिंगमध्ये फरक जवळजवळ शून्य.

नुकसान करतं ते मीठ. धुळीबरोबर बोर्डावर बसतं, हवेतलं पाणी ओढून घेतं आणि कनेक्टर हिरवे पडायला लागतात. मशीन चालू असताना सगळं खोलीपेक्षा गरम असतं, त्यामुळे पाणी धरत नाही. आठ-आठ दिवस बंद ठेवलेलं मशीन जास्त सडतं. जून ते सप्टेंबर रोज अर्धा-एक तास चालू ठेवा.

फिल्टर पावसाळ्यात पंधरा दिवसांनी धुवा, पण ओला परत लावू नका; तेव्हा वाळायला दोन दिवसही लागतात, म्हणून दुसरा जोड हाताशी असू दे. ब्लोअर मारताना पातं बोटाने धरा, मोकळं गरगरलं तर बेअरिंग जातं. रिकाम्या स्लॉटना पत्रे लावा. तिथून पाल आत जाते, आणि पॉवर सप्लायमध्ये मेलेली पाल म्हणजे मोठं काम.

खाडीकाठ
मोजलं. बाजू काढून सीपीयू ७९, जीपीयू ७४. बाजू लावून फक्त पुढची काच काढली तर ८० आणि ७५.

जांभाचिरा
मग काचच. काढूनच ठेवा आणि पंख्यांवर बारीक नायलॉन जाळी लावा, मच्छरदाणीची चालेल. जाळी पात्याला लागणार नाही अशी ताणा. टेबलाच्या बंद कप्प्यात केस असेल तर बाहेर काढा, मागे भिंतीपासून निदान वीतभर जागा हवी.

सगळं लावून झालं की उदबत्ती पेटवून फटींजवळ फिरवा. धूर पुढच्या जाळीत ओढला गेला आणि मागच्या स्लॉटांपाशी बाहेर ढकलला गेला तर जमलं. स्लॉटांतून आत जाताना दिसला तर मागच्या पंख्याचा वेग उतरवा.