फ्लाय रॉडवाले, म्हणजे खोट्या किड्यानं (फ्लायनं) गळ टाकून मासे धरणारे, कुणी सोलापुरात? फाल्गुन-चैत्रात काय करता?

पुण्याहून बदलीवर आलोय. पाच नंबरचा फ्लाय रॉड घरात धूळ खातोय. पाणी कुठं मिळेल? शिवाय रविवारी तलावासाठी काही हातभार लावता आला तर तेही हवंय.

हिप्परगेकर:
इथं ट्राउट, तो थंड पाण्यातला मासा, नाही बरं का! हिप्परग्याला जा, म्हणजे एकरुख तलाव, 1871 चा. चिलापी (तिलापिया मासा) उथळात येते, बारीक फ्लाय घेते. आधी ठेकेदाराला किंवा मच्छीमार सोसायटीला विचारा, नाहीतर भांडण ठरलेलं. गळाच्या टोकाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाका, मासा पटकन सुटतो. चिलापी मात्र परत सोडू नका, ती बाहेरची. 1952 साली देशात आणली आणि तोंडात अंडी सांभाळत सगळीकडं पसरली.

साफसफाईचं म्हणाल तर हाच मोसम. पाणी मागं सरकलं की चिखलात तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) उघडा पडतो. मागच्या चैत्रात एका बाभळीवरून मी पाऊण तास सोडवत बसलो होतो, त्यात बगळ्याचा पाय अडकलेला. पाय वाचला, माझा अंगठा फाटला. कात्री आणि जाड हातमोजे आणा. गोळा केलेला तंगूस कचऱ्यात तसाच टाकू नका, बोटभर तुकडे करा.

कंबर तलाव:
जलपर्णी काढायला आमच्याकडं कंबर तलावावर या की वो! मुळासकट ओढायची, काठापासून लांब वाळवायची. सकाळी साडेसहाला. नऊनंतर ऊन सोसवत नाही.

प्रश्नकर्ता:
येतो. रॉड आणू?

कंबर तलाव:
आधी दाताळं आणा.