गोवर झालेल्यांत लस घेतलेली मुलेच जास्त कशी?

प्रश्न :
गोवराच्या एका साथीचा अहवाल वाचताना दिसले, की आजारी मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी लस घेतलेली होती. लसीवर माझा विश्वास आहे, तरीही हा आकडा मनातून जात नाही. साथरोगतज्ज्ञ अशा माहितीवरून लसीची परिणामकारकता कशी काढतात?

प्रतिसाद १ :
केवळ आजारी मुले मोजली, तर दिशाभूल होते. ती एकूण किती मुलांपैकी आहेत, हे आधी पाहावे लागते. समजा, १००० मुलांपैकी ९५० जणांनी एक मात्रा घेतली आहे आणि ५० जणांनी एकही घेतलेली नाही. साथ आल्यावर लस न घेतलेल्यांपैकी ४५ आणि घेतलेल्यांपैकी ६० मुलांना गोवर झाला. संख्या दुसऱ्या गटाची मोठी आहे, पण पहिल्या गटात शेकडा ९० मुले आजारी पडली, तर दुसऱ्यात जेमतेम ६. म्हणजे लसीने धोका सुमारे ९३ टक्क्यांनी कमी केला, आणि गोवराच्या लसीच्या एका मात्रेचे संरक्षण साधारण एवढेच असते. दोन मात्रांनंतर ते ९७ टक्क्यांच्या आसपास जाते.

प्रतिसाद २ :
गणित सोपे आहे. कस लागतो तो दोन गट खरोखर तुलनेयोग्य आहेत का, हे ठरवताना. मुलांना लस देणारे पालक बहुधा आजारपणात दवाखान्यातही लवकर जातात, त्यामुळे त्यांच्या मुलांचे आजार नोंदीत अधिक येतात आणि लस आहे त्याहून कमकुवत भासते. म्हणून रोटाव्हायरसच्या अभ्यासात अनेकदा जुलाबासाठी दाखल झालेल्या सर्वच मुलांची तपासणी करतात आणि विषाणू सापडलेल्या व न सापडलेल्या मुलांमधील लसीकरणाचे प्रमाण ताडून पाहतात. त्यातही मात्रेची तारीख पालकांच्या आठवणीवर न सोडता लसीकरण कार्डावरून घ्यावी, असा माझा आग्रह असतो.

प्रश्नकर्ता :
दुर्मीळ दुष्परिणामही याच पद्धतीने सापडतात का?

प्रतिसाद २ :
काही अंशी. अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळालेली रोटाव्हायरसची पहिली लस, आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरण्याच्या घटना आढळल्याने, १९९९ मध्ये मागे घेण्यात आली. हा धोका सुमारे दहा हजार बाळांमागे एक इतका विरळ होता, त्यामुळे मान्यतेपूर्वीच्या चाचण्यांत तो निश्चितपणे दिसणे शक्यच नव्हते. म्हणून पुढच्या दोन लसींच्या चाचण्यांत प्रत्येकी साठ हजारांहून अधिक बाळे घेण्यात आली, आणि वापर सुरू झाल्यावरही नोंदी ठेवणे थांबले नाही.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. आता त्या अहवालात लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांची एकूण संख्या कुठे दिली आहे, ते शोधतो.