जुन्या कॉइन बॉक्स फोनमधून वाळवंट ऐकवायचंय, सल्ला हवा

मांडणशिल्प_नागपूर: मे महिन्यात सिव्हिल लाइन्सला उघड्या अंगणात मांडणशिल्प आहे. तीन जुने कॉइन बॉक्स फोन. रिसीव्हर उचलला की थरच्या वाळवंटातला आवाज कानात यावा. आतलं सामान कोणतं घ्यावं? आणि वाऱ्याचं रेकॉर्डिंग हेडफोनवर सुरेख वाटतं, रिसीव्हरमधून मात्र नुसती खरखर. असं का?

सोल्डरवाला: भाऊ, दर फोनला एक आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) अन् एक डीएफप्लेअर मिनी (मेमरी कार्डवरच्या फाइली वाजवणारं छोटं मॉड्यूल). मेमरी कार्ड 32 जीबीपर्यंतचंच, फॅट-32 पद्धतीने फॉरमॅट करून. फाइली mp3 नावाच्या फोल्डरात 0001, 0002 अशा टाका. नाहीतर कॉपी केल्याच्या क्रमाने वाजतात आणि भलताच आवाज लागतो. नॅनोकडून प्लेअरच्या आरएक्स पिनला (संदेश घेणारी पिन) जाणाऱ्या वायरमध्ये 1 किलोओहमचा रेझिस्टर हवाच, नाहीतर गुणगुण येते. रिसीव्हरच्या दोन्ही वायरी प्लेअरच्या एसपीके-1 आणि 2 या स्पीकरच्या पिनांना. त्यातली एकही ग्राउंडला जोडू नका.

हुकच्या स्विचने वीज तोडायचा मोह होतो, तो टाळा. प्लेअर जागा व्हायला एक-दोन सेकंद घेतो आणि कानातच 'टप्' वाजतं. वीज चालू ठेवा, हुक नॅनोच्या पिनवर वाचा, 50 मिलिसेकंद थांबून मगच उचलला असं धरा. आवाज 30 पैकी 8 पासून चढवत न्या. कानाला चिकटलेला स्पीकर आहे तो.

रेतीचे_कान: खरखरीचं कारण सांगतो. टेलिफोनचा आवाज साधारण 300 ते 3400 हर्ट्झमध्ये बसवलेला असतो, रिसीव्हरही त्याच बेताचा. वाऱ्याचं वजन असतं 300 च्या खाली. ते गळालं की उरते ती फुसफुस. इक्वलायझरने खर्ज वाढवून उपयोग नाही, रिसीव्हरमधली कॅप्सूल (छोटा स्पीकर) फाटल्यासारखी वाजते. म्हणून वारा थेट ऐकवू नका. वारा ज्याला लागतो ते ऐकवा. कुंपणाच्या तारेला पिएझो (कंपनं टिपणारी चकती) चिकटवून घेतलेला झंकार (रेकॉर्डरचं इनपुट 1 मेगाओहमच्या आसपासचं हवं, नाहीतर तोही पातळ येतो), पत्र्यावर आपटणारी रेती, उंटाच्या गळ्यातली घंटा. हे रिसीव्हरमधून लख्ख येतं.

सुरुवातीला फोन लावल्यावर कानात ऐकू येणारी आपली जुनी रिंग द्या: 400 हर्ट्झ, 0.4 सेकंद चालू, 0.2 बंद, 0.4 चालू, 2 बंद. दोनदा वाजली की आवाज. थेट शांततेने सुरू केलं तर लोक फोन बंद समजून ठेवून देतात.

मांडणशिल्प_नागपूर: फार उपयोगी. पॉवर बँक चालेल?

सोल्डरवाला: नाही. भार इतका कमी की बरेच पॉवर बँक आपोआप बंद पडतात. शिवाय मेच्या उन्हात लोखंडी डब्यात लिथियम ठेवणं धोक्याचं. सावलीत 12 व्होल्ट 7 एएचची लेड-ॲसिड बॅटरी, पुढे 5 व्होल्टचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट).

रेतीचे_कान: कूलर मात्र फोनपासून लांब ठेवा. त्याची घरघर अन् वारा एकाच जातीचे, हळू आवाज त्यात बुडतील.