मदत हवी आहे: भिगवणला नदी सुरयचे सगळे फोटो धूसर

पाणकाठ:
शनिवारी पहाटे चारला पुण्याहून निघून भिगवणला गेलो. तीन तास होडीत होतो, साडेचारशे फोटो काढले. घरी येऊन बघतो तर उडत्या सुरयचा (पाण्यात सूर मारून मासे पकडणारा पक्षी) एकही धड नाही. बसलेले रोहित (फ्लेमिंगो), बगळे, चित्रबलाक छान आलेत. येत्या रविवारी परत जातोय, नंतर सुट्टी नाही. शटर स्पीड किती ठेवू, एवढंच सांगा. नवीन लेन्स घ्या वगैरे नको, बजेट नाही.

दुर्बीणवाला:
कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, शटर किती होता? फोकस चुकलाय की पक्षी फरफटलाय? एखादा फोटो डकवा, त्याशिवाय काय सांगणार?

पाणकाठ:
कॅमेरा कॅनन १५००डी, लेन्स ५५-२५०. शटर १/५०० सेकंद. फोटो चढत नाहीये इथे.

माळढोक_प्रेमी:
१/५०० मध्ये सुरय मिळणारच नाही. १/२५०० च्या खाली येऊ नका. एआय सर्व्हो (हलत्या पक्ष्यावर फोकस धरून ठेवतो तो मोड), मधला एकच फोकस पॉइंट, बर्स्ट (सलग फोटो) चालू. मी दहा वर्षं हेच करतोय.

दुर्बीणवाला:
सकाळी सातच्या उजेडात, त्या लेन्सवर १/२५०० म्हणजे आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) कुठल्या कुठे जाईल, फोटोत दाणे येतील. १/१६०० ला सुरय मिळतो, मी काढलेत. पंखांची टोकं थोडी हलली तर बिघडलं काय? उडतोय हे तरी कळतं.

माळढोक_प्रेमी:
फोटोत दाणे आले तर काढता येतात, हललेला फोटो सरळ करता येत नाही. आणि सूर मारतानाचा क्षण १/१६०० ला नाही मिळत हो.

कॅमेरागल्ली:
हा कॅमेरा विकून मिररलेस (आत आरसा नसलेला) घ्या. पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतो, सगळे प्रश्न मिटतात.

पाणकाठ:
बजेट नाही असं वर लिहिलंय.

ओवी:
एक्स्पोजरबद्दल (फोटो किती उजळ येतो त्याबद्दल) कुणीच बोललं नाही. आभाळ मागे असेल तर सुरयचं पोट काळवंडतं, म्हणून एक्स्पोजर प्लस एक, म्हणजे थोडं उजळ ठेवा.

दुर्बीणवाला:
ताई, सुरय पाण्यालगत आला की मागे गडद पाणी येतं. तिथे प्लस ठेवलं तर पांढरी पिसं जळतात, मायनस लागतं. त्यापेक्षा मॅन्युअल ठेवा, म्हणजे एक्स्पोजर एकदाच हाताने ठरवा. ऊन तेच आहे तोवर पक्ष्यावरचा उजेड बदलत नाही, मागे आभाळ येवो की पाणी.

ताराबळ:
अंतराळ स्थानक टिपायचं असेल तर सगळं उलट: ट्रायपॉड, रुंद लेन्स, शटर दहा ते तीस सेकंद. चारशे किलोमीटरवरून जातं, पाच-सहा मिनिटांत आभाळ ओलांडतं. प्रकाशाची सुंदर रेघ मिळते.

खवय्या_इंदापूर:
होडीतून उतरलात की कुंभारगावात मासळीचं जेवण चुकवू नका.

ओवी:
पाणकाठ, फोकस वन शॉटवर (एकदा पकडला की तिथेच थांबतो तो मोड) होता का? आणि फोटो घेताना पक्षी चौकटीतून सुटतो, की कॅमेरा फोकसच पकडत नाही?

पाणकाठ:
सर्व्होचं बटण माहीत नव्हतं, आज शोधलं. फोकस पकडत नाही. चौकोन हिरवा होईपर्यंत पक्षी स्क्रीनच्या बाहेर.

ओवी:
स्क्रीनच्या? तुम्ही मागच्या स्क्रीनवर बघून काढता?

पाणकाठ:
हो. चष्म्यामुळे वरच्या भिंगातून नीट दिसत नाही. बसलेले पक्षी असेच तर काढले.

दुर्बीणवाला:
हे आधी सांगायचं होतंत! शटरवर उगाच भांडलो आम्ही. झटपट फोकस करणारा सेन्सर आरशाच्या खाली असतो. स्क्रीन चालू केली की आरसा वर जातो आणि त्या सेन्सरला उजेडच मिळत नाही. मग कॅमेरा पुढेमागे चाचपडत फोकस शोधतो. बसलेल्या बगळ्याला ते चालतं, सुरयला नाही. व्ह्यूफाइंडरशेजारी, म्हणजे त्या वरच्या भिंगाशेजारी, लहान चाक आहे, ते फिरवून आतले आकडे स्पष्ट दिसेपर्यंत जुळवा. चष्म्याचा नंबर फार नसेल तर चष्म्याशिवायही दिसेल.

माळढोक_प्रेमी:
हे पटलं. आता रविवारपर्यंत रोज संध्याकाळी गच्चीवर घारींवर हात बसवा. लांबून येतानाच पकडा आणि फोटो काढून झाल्यावरही कॅमेरा फिरवत राहा, थांबू नका.

भीमाकाठ:
मी कुंभारगावचा, घरची होडी आहे. साडेसहाला पाण्यावर या. दहानंतर पाण्यावरून हवा थरथरते, तेव्हा कितीही भारी कॅमेरा आणा, फोटो मऊच येतात. होडीवाल्याला सांगा, सूर्य आणि वारा दोन्ही पाठीशी राहतील अशी लाव. सुरय वाऱ्याकडे तोंड करून एका जागी फडफडतो, चोच खाली करून पाण्यात बघतो. चोच खाली गेली की बटण दाबा, लगेच सूर मारतो. इंजिन बंद करायला लावा, हादरे लेन्सपर्यंत येतात. आणि हात जोडून एक मागणं: रोहितांचा थवा उडवायला कुणाला सांगू नका. ते इथे चरायला येतात. उठवलं की पोटभर खाणं होत नाही त्यांचं.

पाणकाठ:
थवा कधीच उडवणार नाही, शब्द देतो. चाक फिरवलं, आत एकदम स्वच्छ दिसतंय. १/२००० आणि सर्व्हो ठेवून गच्चीवरून घारीचे तीस फोटो काढले, चार कडक आलेत, एकात डोळासुद्धा दिसतोय! साडेचारशेत एक नव्हता. भीमाकाठ दादा, रविवारी साडेसहाला तुमच्याच होडीत जागा मिळेल का? दोघे आहोत.

भीमाकाठ:
या. निरोपात नंबर पाठवलाय.