आईच्या खांद्याच्या पात्याखालील गाठ: पुढे कोणती तपासणी करावी?

प्रश्न (यवतमाळ जिल्हा):
माझ्या आईचे वय ६४ असून तिचे सारे आयुष्य कापूस वेचण्यात गेले आहे. उजव्या खांद्याच्या पात्याच्या खालच्या टोकाशी असलेली तिची गाठ हात पुढे घेतला की वर येते आणि हात खाली सोडला की दडते. तालुक्यातील सोनोग्राफीच्या अहवालात निदान स्पष्ट नाही. हा कर्करोग तर नसेल?

उत्तर १ (रेडिओलॉजिस्ट):
वय, जागा आणि आपण केलेले वर्णन पाहता इलास्टोफायब्रोमा डॉर्सी या साध्या, कर्करोग नसलेल्या गाठीचा विचार प्रथम करावा लागेल. मात्र प्रतिमा न पाहता खात्री देणे योग्य नव्हे. १९६१ मध्ये वर्णिलेली ही गाठ पन्नाशीनंतरच्या स्त्रियांत अधिक आढळते. एमआरआयमध्ये स्नायूसारख्या गडद तंतुमय भागात चरबीचे उजळ पट्टे दिसतात आणि असे चित्र नेमक्या या जागी असेल, तर बायोप्सीची (गाठीचा तुकडा काढून तपासण्याची) गरज सहसा पडत नाही. दुसरी बाजूही अवश्य पाहावी, कारण ही गाठ अनेकदा दोन्हीकडे असते.

उत्तर २ (सर्जन, वर्धा):
सहमत आहे. त्रास नसेल तर शस्त्रक्रिया नको. परंतु गाठ झपाट्याने वाढली, रात्री दुखू लागली किंवा एमआरआयचे चित्र वेगळे आले, तर बायोप्सी टाळू नये. एमआरआयसाठी सेवाग्राम किंवा नागपूरला जाताना सोनोग्राफीचा अहवाल सोबत न्यावा.