एचआरटी चालू आहे आणि परत अंगावर जायला लागलंय, काय करू?

रामबागवाली:
नमस्कार. मी इंदूरची, वय ५१. पाळी मागच्या वर्षी जानेवारीत शेवटची आली, नंतर पूर्ण बंद. पण रात्री अंगातून अशा वाफा निघायच्या की दोनदा गाऊन बदलावा लागायचा, झोप नाही, दिवसभर चिडचिड, मुलांवर उगाच ओरडायचे. शेवटी ह्या एप्रिलमध्ये पलासियाला एका गायनॅकना दाखवलं, सोनोग्राफी झाली, मॅमोग्राफी झाली आणि एचआरटी, म्हणजे पाळी गेल्यावर देतात ती हार्मोनची औषधं, सुरू केली. सकाळी दंडाला लावायचं इस्ट्रोजेनचं जेल आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची १०० ची कॅप्सूल. खरं सांगते, पंधरा-वीस दिवसांत मी माणसात आले.

पहिले दोन महिने अधूनमधून डाग पडायचे, ते डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरले नाही. मग थांबलं. आणि आता ऐन महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी, घरात सगळं सोवळ्याचं, सोळा भाज्या निवडायला घेतलेल्या आणि मला पाळीसारखंच सुरू झालं. सासूबाई ८० च्या, त्यांना सांगायचं तरी काय, पाळी जाऊन दीड वर्ष झालं आणि आता परत अडचण? जाऊबाईंनी एकटीने सगळं ओढलं, मी वरच्या खोलीत बसून रडत होते. आज ११ वा दिवस आहे, दिवसाला तीन-चार पॅड लागतायत. डॉक्टर बाहेरगावी आहेत, पुढच्या आठवड्यात येतील. मेडिकलवाला भैया म्हणतो रक्त थांबायची गोळी देतो, नणंद म्हणते घेऊन टाक. घेऊ का? की जेलच बंद करू? कुणाला असं झालंय का, प्लीज सांगा.

सुदामानगर:
ताई आधी ते हार्मोन बंद करा. माझ्या चुलतबहिणीला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की ह्याने कॅन्सर होतो. आपल्या आया-आज्यांनी काय घेतलं होतं? काढले दिवस तसेच. वाफा काय, वर्ष-दोन वर्षांत जातात आपोआप.

रिटायर्ड सिस्टर:
रामबागवाली ताई, मी इंदूरमध्येच २६ वर्षं स्टाफ नर्स होते, त्यातली बरीचशी गायनॅक ओपीडीत. डॉक्टर नाही मी, पण ह्या तक्रारीच्या बायका रोज बघितल्यात म्हणून लिहिते. आधी एक सांगा, रात्रीची कॅप्सूल तुम्ही खरंच रोज घेता का? रागावू नका, पण हेच पहिलं विचारायचं असतं. जेल सगळ्या आठवणीने लावतात कारण वाफा त्यानेच थांबतात. कॅप्सूलचा अंगाला काही फायदा जाणवत नाही, उलट गुंगी येते, म्हणून नेमकी तीच सुटते. आणि ती सुटून चालत नाही. इस्ट्रोजेन गर्भपिशवीचं आतलं अस्तर वाढवत राहतं आणि प्रोजेस्टेरॉन त्याला आवर घालतं. आवर गेला की अस्तर वाढतं आणि कुठून कुठूनही गळायला लागतं. पूर्वी अमेरिकेत बायकांना नुसतं इस्ट्रोजेन द्यायचे, १९७५ मध्ये लक्षात आलं की त्याने गर्भपिशवीच्या कॅन्सरचं प्रमाण वाढतंय, तेव्हापासून पिशवी असलेल्या बाईला दुसरं औषध जोडीला द्यायलाच लागले. ज्यांची पिशवी काढलेली आहे त्यांना सहसा ते लागत नाही.

आता गोळीचं. मेडिकलवाले देतात ती बहुतेक नॉरएथिस्टेरॉनची असते, म्हणजे तोही प्रोजेस्टेरॉनच्याच जातीचा हार्मोन. चार दिवस थांबेल, गोळी संपली की परत येईल, आणि मधल्या मधे डॉक्टरांना खरं चित्र दिसणार नाही. कृपा करून दुकानातून विचारून घेऊ नका. जेलपण मनाने बंद-चालू करू नका, त्यानेही रक्तस्राव होतो. डॉक्टर नाहीत तर त्यांच्या जागी जे बसतात त्यांना फोन करा, कॅप्सूल चुकल्या असतील तर तेही सांगा आणि आतून करतात ती सोनोग्राफी करवून घ्या. चालू असताना कशी करायची असं वाटतं आपल्याला, पण ती चालू असताना होते, त्यासाठी थांबायचं नाही. मात्र तासाला एक पॅड भिजायला लागलं, मोठ्या गाठी पडल्या किंवा चक्कर आली तर कुणाची वाट न बघता कॅज्युअल्टीत जा, रात्र असली तरी.

सुदामानगर ताई, तुमची काळजी कळते. ती भीती मुख्यतः २००२ च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासानंतर पसरली, वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा. त्यात दोन्ही हार्मोन एकत्र घेणाऱ्या दर १०,००० बायकांत वर्षाला स्तनाच्या कॅन्सरच्या साधारण ८ केसेस जास्त दिसल्या. धोका शून्य नाही, पण किती ते पण सांगायला पाहिजे ना. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि औषधंही आजच्या जेल-कॅप्सूलपेक्षा वेगळी होती. ज्यांना स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय त्यांना सहसा देतच नाहीत. आणि वाफा वर्ष-दोन वर्षांत जातातच असं नाही, सात-आठ वर्षं सोसलेल्या बायका मी बघितल्यात.

रामबागवाली:
सिस्टर, तुम्ही बरोबर पकडलंत. जुलैत भाचीचं लग्न होतं ग्वाल्हेरला, तिथे आठ-दहा दिवस कॅप्सूल नाहीच घेतली, कारण ती घेतली की अर्ध्या तासात डोळे मिटतात आणि लग्नघरात रात्री एक-एक वाजेपर्यंत जागरण. मग सवयच मोडली, आठवड्यातून तीन-चारदा घ्यायचे, वाटलं मुख्य औषध तर जेल आहे. जेल एक दिवस नाही चुकवलं. कुणी मला हे असं दोघांचं काम वेगळं करून सांगितलंच नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल. उद्या फोन करते.

राजेंद्रनगर वहिनी:
माझा अनुभव वेगळा आहे, सांगून ठेवते म्हणजे दुसऱ्या कुणाला उपयोग होईल. एचआरटी दोन तऱ्हेची असते हे मला माहीतच नव्हतं. एकात दोन्ही हार्मोन रोज घ्यायचे, त्यात पुढे रक्त येणं अपेक्षित नाही. दुसऱ्यात इस्ट्रोजेन रोज आणि प्रोजेस्टेरॉन महिन्यातले १२ ते १४ दिवसच, ते संपलं की पाळीसारखं येतं, आणि ते यायलाच पाहिजे. ज्यांची पाळी अजून पूर्ण गेलेली नाही, वर्ष झालेलं नाही, त्यांना ही दुसरी देतात.

मी ४८ ची, पाळी जाऊन सात महिनेच झाले होते. भोपाळला बहिणीकडे असताना तिथल्या डॉक्टरांना मी पाळी बंद म्हणून सांगितलं, त्यांनी रोजवाली दिली. माझ्या ओव्हरीज अजून मधूनमधून काम करत होत्या म्हणे, त्यामुळे कधी चार दिवस, कधी पंधरा दिवस, काही ताळमेळच नाही. इथे येऊन मॅडमनी शेवटच्या पाळीची तारीख विचारली आणि महिन्याची पद्धत सुरू केली, आता कॅप्सूल संपल्यावर दोन-तीन दिवसांत येतं, चार दिवस राहतं, संपलं. मी कॅलेंडरवर लिहून ठेवते, कॅप्सूलच्या दिवशी क, डाग पडला तर ड, जास्त गेलं तर ज. मॅडम म्हणाल्या सगळ्या पेशंटनी एवढं आणलं तर माझं अर्धं काम होईल. कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारी चालतं सगळं.

अन्नपूर्णा रोड:
मी घाबरवत नाहीये पण लिहिणं गरजेचं वाटतं. माझं सगळं व्यवस्थित होतं, दोन वर्षं रोजवाली घेत होते, एक थेंब नाही. एक दिवस नुसता गुलाबी डाग दिसला, एकदाच. मी म्हटलं असेल काहीतरी, आणि तीन महिने गप्प बसले, त्यात दोनदा परत झालं. सोनोग्राफीत पिशवीत १२ मिमीचा पॉलिप, म्हणजे अस्तराचा छोटा कोंब, निघाला. दुर्बिणीने काढला, सकाळी गेले आणि संध्याकाळी घरी. रिपोर्ट साधा आला. डॉक्टर मला एवढंच म्हणाले की सुरुवातीच्या तीन ते सहा महिन्यांतले डाग वेगळे आणि बंद झालेलं परत सुरू होणं वेगळं, दुसरं झालं की एकदा झालं तरी दाखवायचं. ते तीन महिने माझ्या रात्री कशा गेल्या ते माझं मला माहीत, तेवढ्यासाठी लिहिलं.

आणि हो, मला त्यांनी बाकीची औषधंपण विचारली होती. फिट्सच्या काही गोळ्या किंवा टीबीची रिफाम्पिसिन चालू असेल तर हार्मोनचा असर कमी होतो म्हणे. पिशवीच्या तोंडाचीही तपासणी करतात, कधी रक्त तिथून येत असतं.

रामबागवाली:
तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा सगळ्यांनी. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांच्या जागी बसतात त्या मॅडमकडे गेले. निघताना सासूबाईंनी विचारलं कुठे, आणि माझ्या तोंडून खरंच निघून गेलं. त्या काही क्षण बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या माझी मोठी बहीण असंच लपवत राहिली होती, तू जा, मी कुकर लावते. महालक्ष्म्यांबद्दल एक शब्द नाही. इतके दिवस मी उगाच त्यांना घाबरत होते.

सोनोग्राफीत अस्तर ६ मिमी निघालं. रोजवाली एचआरटी असेल तर ४ पर्यंत ठीक मानतात, महिन्यावालीत ७ पर्यंत, असं मॅडमनी सांगितलं, म्हणून बायोप्सी करू म्हणाल्या. नाव ऐकूनच माझे हातपाय गार. पण भूल नाही, अ‍ॅडमिट नाही, ओपीडीतच बारीक नळी आत घालून थोडं अस्तर ओढून घेतात, तासभर आधी पेनकिलर घ्यायला लावली होती. दोन मिनिटं जोरात कळ आली, पाळीत येते तशी, मग गेली. रिपोर्ट यायचे आठ दिवस जड गेले. हायपरप्लेसिया (अस्तराची जास्तीची वाढ) नाही, कॅन्सर नाही. कॅप्सूल चुकवल्याचंच सगळं हे.

आता कॅप्सूल रोज, एकही दिवस न चुकवता. गुंगीचं सांगितलं तर म्हणाल्या तीच कॅप्सूल रात्री खालून ठेवली तरी चालते, गुंगी कमी येते आणि पिशवीला औषध चांगलं पोचतं, पण सगळ्याच कंपन्यांची तशी वापरायची नसते, म्हणून माझी कुठली ते बघून मग सांगितलं. तसं करतेय, सकाळी डोकं एकदम हलकं असतं. हे नाहीच जमलं तर मिरेना बसवू म्हणाल्या, ती तांबीसारखी आत बसवतात आणि पिशवीतच हार्मोन सोडते, पाच वर्षं कॅप्सूलची आठवण ठेवायला नको. कॅप्सूल रोज सुरू केल्यावर सातव्या दिवशी रक्त थांबलं, त्यानंतर दोनदा नुसता डाग. तीन महिन्यांनी परत बोलावलंय, आधी वाढलं तर आधी. कॅलेंडरवर क, ड, ज सुरू केलंय वहिनी.

हिमोग्लोबिन मात्र ९.८ आलंय, लोहाच्या गोळ्या दिल्यात. त्याने पोटात मळमळतं फार. आणि कॅल्शियम आधीपासून चालू आहे, दोन्ही सकाळी नाश्त्यानंतर एकदमच घेते, चालतं ना सिस्टर?

रिटायर्ड सिस्टर:
रिपोर्ट वाचून बरं वाटलं हो ताई. दोन्ही एकदम नका घेऊ, कॅल्शियममुळे लोह अंगाला लागत नाही. लोह दुपारी जेवणाआधी लिंबूपाण्याबरोबर घ्या, मळमळलं तर जेवणानंतर घ्या, थोडं कमी लागेल पण सुटणार तरी नाही. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर. आणि लोहाच्या आधी-नंतर तासभर चहा नको, दुपारचा चारचा घेतलात तर चालेल. शौचाला काळं होईल, त्याला घाबरू नका. फारच त्रास झाला तर गोळी बदलून मागा, दुसऱ्या प्रकारची सोसते पुष्कळांना.